गोष्टीमागचं विज्ञान : विनापरवाना अवकाशशर्यत



या वेळी आपण सगळे मिळून एक लघुकादंबरी रचायला घेऊ. काळ पुढचा, पन्नासेक वर्षांनंतरचा. रात्री दोन वाजता सात छोटी अवकाशयानं पृथ्वीभोवती शर्यत लावतात. परवाना नाही, विमा नाही, पैजा मात्र लाखोंच्या. पृथ्वीला तीन फेऱ्या मारून जो आधी ठरलेल्या जागी पोहोचेल तो जिंकला. सातही जण परत येतील याची खात्री कुणीच देत नाही.

विषय मुद्दाम निवडलाय. शर्यत म्हटलं की घरातला नववीतला नातू कान टवकारतो आणि आजोबाही चष्मा पुसून पुढे सरकतात. पण अशा गोष्टीत थापा मारणंही फार सोपं असतं. यान सुसाट सुटलं, लेझर चमकले, संपलं! आपण थापा न मारता लिहून बघू. खरी माहिती घेतली की गोष्ट जास्त थरारक होते, हे तुमच्याच लक्षात येईल.

विज्ञानकथा लिहायला मोठं नाव लागतं असं कुणाला वाटत असेल, तर एक आठवण करून देतो. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे प्रत्यक्षात जयंत विष्णू नारळीकर! जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं आणि परीक्षकांनी फक्त गोष्ट वाचून निकाल दिला. तेव्हा तुम्हीही बिनधास्त लिहा.

नायिका कुठली?

आपली नायिका दिल्लीच्या सरोजिनी नगरातली. नाव तुम्ही द्या, मी तिला नुसतं ‘ती’ म्हणेन. वय एकोणीस. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आई शाळेत शिक्षिका, आजी साताऱ्याकडची. सरोजिनी नगर म्हणजे मुळात सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. जुने बसके क्वार्टर पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहताहेत. आपली गोष्ट पुढच्या काळातली असल्याने ती एकविसाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून रिंग रोड दिसतो. जवळच सफदरजंग विमानतळ आहे. इंग्रजांच्या काळात त्याला विलिंग्डन म्हणत.

या विमानतळाची एक आठवण दिल्लीकर विसरलेले नाहीत. 23 जून 1980 रोजी सकाळी इथून पिट्स जातीचं छोटं, कसरतीचं विमान उडालं. हवेत गोलांट्या घेताना ते जवळच कोसळलं. विमानात संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना होते, दोघंही गेले. शहराच्या डोक्यावर जोखमीचं उड्डाण म्हणजे काय, हे या भागाला वेगळं सांगायला नको. गोष्टीतल्या आजीच्या तोंडी ही आठवण घाला. “अगं, वरून पडणारा एकटा पडत नाही, खाली कुणाच्या तरी छपरावर पडतो,” असं काहीतरी ती म्हणू शकेल.

यान आलं कुठून?

सरोजिनी नगरचा बाजार ठाऊक नाही असा दिल्लीकर विरळा. इथली खासियत म्हणजे एक्स्पोर्ट सरप्लस. परदेशी पाठवायला शिवलेले, पण कुठे बटण वाकडं, कुठे शिलाई सुटली म्हणून परत आलेले कपडे. दुकानदार दोनशे सांगतो, आपण शंभर म्हणतो, दीडशेवर सौदा तुटतो.

आता कल्पना करा, पन्नास वर्षांनी याच बाजारात अवकाशयानांचे सुटे भाग असेच मिळतात. तपासणीत नापास झालेली झडप, एका खरेदीदाराने नाकारलेली टाकी. नायिका घासाघीस करून त्यातून यान जुळवते. इथे वाचक हसेल आणि लगेच त्याच्या पोटात गोळाही येईल, कारण शर्टाची शिलाई उसवली तर फार तर लाज जाते.

यानाची शिलाई उसवली तर काय होतं, ते 28 जानेवारी 1986 ला जगाने पाहिलं. अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. कारण होतं ओ-रिंग नावाचं रबराचं कडं. रात्रभरच्या थंडीने ते कडक झालं होतं आणि इंधनाचा तप्त वायू तिथून निसटला. आदल्या रात्रीच काही इंजिनिअरांनी सांगितलं होतं की एवढ्या थंडीत उडवू नका. उड्डाण आधीच अनेकदा पुढे ढकललेलं होतं. आणखी ढकलायला वरचे तयार झाले नाहीत.

तेव्हा नायिकेच्या यानातही एक नापास भाग असू द्या. तिला तो माहीत असू द्या. आणि शर्यत उद्याच असू द्या.

आकाशात पोहोचायचं कसं?

चोरून रॉकेट उडवणं जवळपास अशक्य. आग, आवाज, धूर सगळ्या पंचक्रोशीला दिसतो. त्यामुळे आपल्या सात जणांना वेगळी युक्ती लागेल. ती कल्पनेतून काढायची गरज नाही, खरी घडलेली आहे.

12 जानेवारी 2018 ला श्रीहरिकोट्याहून आपलं पीएसएलव्ही-सी40 रॉकेट 31 उपग्रह घेऊन गेलं. त्यांत अमेरिकेतल्या स्वॉर्म टेक्नॉलॉजीज या कंपनीचे चार चिमुकले उपग्रह होते, आकाराने एखाद्या पाकीटबंद पुस्तकाएवढे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने त्यांना परवानगी नाकारली होती. इतक्या लहान वस्तूंवर जमिनीवरून नीट नजर ठेवता येईल याची खात्री नव्हती आणि नजर नसली की टक्कर टाळता येत नाही. परवानगी नसतानाही उपग्रह रॉकेटवर चढलेच. इस्रोने इतर मालाबरोबर हा मालही पोहोचवला, परवाना घ्यायची जबाबदारी कंपनीची होती. पुढे डिसेंबर 2018 मध्ये कंपनीला नऊ लाख डॉलर भरावे लागले.

म्हणजे परवाना नाकारलेलं अवकाशयान खरंच भारतीय भूमीवरून वर जाऊन आलंय. आपल्या कादंबरीतली सात यानंही अशीच कागदोपत्री ‘दुरुस्तीचं सामान’ म्हणून वर जातात आणि कक्षेत पोहोचल्यावर आपापले संदेश बंद करून गायब होतात.

शर्यतीतला वेग

आता खरी गंमत. चारशे किलोमीटर उंचीवर यान सेकंदाला साधारण 7.66 किलोमीटर वेगाने फिरतं. पृथ्वीची एक फेरी 92 मिनिटांच्या आसपास. या वेगाने सरोजिनी नगर ते पुणे अडीच-तीन मिनिटांत. आजीचा चहा गाळून होईपर्यंत नात पुण्यावरून पुढे गेलेली असेल!

पण इथे रिंग रोडची अक्कल चालत नाही. रस्त्यावर पुढच्याला गाठायचं तर ॲक्सिलरेटर पिळतात. कक्षेत पुढच्या यानाच्या दिशेने जोर लावला, तर यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढतं. तिथे फेरीचं अंतर जास्त आणि सरासरी वेग कमी, म्हणून थोड्याच वेळात आपण मागे पडतो. गाठायचं असेल तर आधी वेग कमी करायचा. मग यान खालच्या कक्षेत उतरतं, फेरी लहान होते, आणि आपण पुढे सरकतो. मैदानावरच्या शर्यतीत आतली रेघ पकडतात तसं समजा.

हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. जून 1965 मध्ये जेमिनी-4 यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. ते त्याच्या रोखाने जोर लावत राहिले आणि तो दूर जात राहिला. अखेर इंधन संपत चाललं म्हणून नाद सोडावा लागला. पट्टीच्या वैमानिकाची ही गत, तर आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची काय होईल? पहिल्या फेरीत तिलाही असंच फसू द्या. दुसऱ्या फेरीत तिच्या लक्षात येऊ द्या की इथे ब्रेक मारणारा पुढे जातो. पण जास्त खाली उतरली, तर हवेचा विरळ थर यानाला ओढायला लागेल. आपल्या गोष्टीतला थरार या दोन मर्यादांच्या मधे आहे.

कचऱ्याचा घाट

कक्षेत मैलाचे दगड नसतात, कचरा असतो. 10 फेब्रुवारी 2009 ला सैबेरियाच्या वर अमेरिकेचा इरिडियम-33 आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-2251 हे दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. दोन हजारांच्या आसपास मोठे तुकडे झाले, बारीक तर मोजता न येण्याइतके.

तुकडा लहान असला म्हणून हायसं वाटायचं कारण नाही. दहा ग्रॅमचा एक बोल्ट घ्या. तो सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळला तर त्यातली ऊर्जा पाच लाख ज्यूल भरते. ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या एक टनाच्या मोटारीत चार लाखांहून थोडी कमी असते. म्हणजे चिमटीत मावणारा बोल्ट हा भरधाव मोटारीपेक्षा जोरात लागतो. कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. हा हिशेब रिंग रोडवरच्या मोटारसायकललाही तसाच लागू आहे बरं का. साठवरून एकशेवीसवर गेलात की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं.

अमेरिकी शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी 1978 मध्येच इशारा दिला होता की कचरा एका मर्यादेपलीकडे वाढला, तर एक टक्कर पुढच्या टकरींना जन्म देत राहील. आपल्या सात यानांपैकी एक फुटलं, तर शर्यत संपल्यावरही ते तुकडे फिरत राहतील. हवामानाचे, नकाशाचे उपग्रह त्याच आकाशात आहेत. शेतकऱ्याच्या मोबाइलवर पावसाचा अंदाज तिथूनच येतो.

पकडलं तर कोण अडकेल?

वाचक विचारेल, अवकाश तर कुणाच्या मालकीचं नाही, मग बेकायदा कसं? उत्तर 1967 च्या बाह्य अवकाश करारात आहे. अवकाशावर कुठल्याही देशाचा हक्क नाही, पण देशातल्या खासगी मंडळींनी वर जे काही केलं त्याला तो देश जबाबदार. भारतही या करारात आहे. 1972 च्या दुसऱ्या कराराने नुकसानभरपाईही ठरवली. अवकाशातली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झालं, तर ती पाठवणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, मग चूक सिद्ध होवो न होवो.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. जानेवारी 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-954 उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला. किरणोत्सारी तुकडे बर्फात पसरले. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, तडजोडीत तीस लाख मिळाले.

आता आपल्या गोष्टीत परत या. भारतात खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देण्याचं काम इन-स्पेस ही संस्था करते. नायिकेचे बाबा समजा त्याच विषयाच्या सरकारी विभागात अधिकारी आहेत. मुलीचं यान परदेशात कुठे पडलं, तर भरपाईची फाईल फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर येणार! वर ‘अर्जंट’ची चिठ्ठी, आत मुलीचं नाव. हा प्रसंग लिहिताना संवाद कमी ठेवा.

याच करारावर सह्या झाल्या त्या दिवसाची गोष्टही सांगतो. तारीख होती 27 जानेवारी 1967. त्याच दिवशी संध्याकाळी अमेरिकेत अपोलो-1 यानाच्या जमिनीवरच्या चाचणीत आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर गेले. तीन महिन्यांनी, 24 एप्रिलला, सोयुझ-1 मधून परतताना पॅराशूट नीट न उघडल्याने सोव्हिएत संघाचे कोमारोव गेले. ती शर्यत दोन महासत्तांची होती, पूर्ण सरकारी, पूर्ण कायदेशीर. घाईने आपला वाटा तिथेही घेतला.

याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. 2025 च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला यांचं उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे गेलं. आधी रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली, मग अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीचा प्रश्न आला. सगळा देश टीव्हीसमोर ताटकळला. अखेर 25 जूनला यान उडालं आणि शुक्ला सुखरूप जाऊन आले. थांबलेल्या उड्डाणाची कुणी मिरवणूक काढत नाही, पण आपल्या कादंबरीत एखादं पात्र ‘मी आज उडणार नाही’ म्हणणारं हवं. त्याला भित्रा दाखवू नका.

खाली कोण आहे?

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारी रेघ पाहिली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. थोड्या वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. पुढे आसपासच्या परिसरात गोल टाक्यांसारख्या वस्तूही सापडल्या. अभ्यासकांच्या मते तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा वापरून झालेला टप्पा असावा. इस्रोची माणसं येऊन तपासणी करून गेली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

लाडबोरीतल्या कुणीही कुठल्या शर्यतीत नाव दिलं नव्हतं. म्हणून माझी सूचना अशी, की कादंबरीतलं एक प्रकरण फक्त खालच्या माणसांचं ठेवा. पाडव्याची गुढी उतरवणारी बाई, अंगणात झोपलेली मुलं, गोठ्यातली गाय. त्यांना वर चाललेल्या शर्यतीचा पत्ताच नाही. वाचकाला आहे.

मग माणसं शर्यत लावतातच का?

कारण मजा येते! हे नाकारून लिहिलेली गोष्ट उपदेश होते आणि मुलं पुढचं पान उलटत नाहीत. आपल्याकडे बैलगाडा शर्यत पाहिलेल्याला हे सांगायला नको. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. तरी काही ठिकाणी पहाटे, पोलिसांच्या नजरा चुकवून शर्यती होत राहिल्या, गुन्हेही दाखल झाले. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाला मारहाण चालत नाही. गुलाल तोच, आरोळ्या त्याच, पण आता बैलाकडेही कुणीतरी बघतं.

दिल्लीत आणि मुंबईत रात्री मोटारसायकलींच्या शर्यती लागतात, त्यांना अशी कुठलीच चौकट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे रस्त्यावर शर्यत लावली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आईबाबांनो, हे तुमच्यासाठी: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम 199अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

पण घरातला मुलगा शर्यतीची गोष्ट वाचताना दिसला, तर फोन काढून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसून वाचा आणि एवढंच विचारा, “या शर्यतीत ज्यांना कुणी विचारलंच नाही, असे कितीजण आहेत रे?” त्याला मोजू द्या. रिंग रोडवरचा रात्रपाळीहून परतणारा सायकलवालाही त्याने मोजला, तर गोष्टीने काम केलं.

शेवट कसा करायचा?

एक खरी शर्यत सांगतो, ती तुमच्या उपयोगी पडेल. 1930 मध्ये आगाखान यांनी बक्षीस लावलं: इंग्लंड आणि भारत यांमधलं अंतर एकट्याने विमानातून कापणारा पहिला भारतीय कोण? मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, आणि कोवळ्या वयाचे ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून उलट दिशेने. इजिप्तमध्ये अबुकिरला दोघांची गाठ पडली. इंजिनिअर स्पार्क प्लगसाठी अडकून बसले होते. टाटांनी आपल्याकडचे जादा प्लग देऊन टाकले. पुढे इंजिनिअर काही तासांच्या फरकाने जिंकले. 1960 मध्ये तेच भारतीय हवाईदलाचे प्रमुख झाले.

आता आपली तिसरी फेरी. नायिका दुसऱ्या क्रमांकावर. पुढच्या यानाचं इंजिन बंद पडलंय. तो हळूहळू खाली येतोय, आणि असाच आला तर त्याचे तुकडे कुठे पडतील ते कुणालाच सांगता येणार नाही. त्याला गाठायचं तर तिला वेग कमी करून खाली उतरावं लागेल. इंधन एकदाच पुरेल. नापास झडप अजून टिकून आहे. आणि संदेश सुरू करून बंगळुरूच्या इस्रो केंद्राला जागा कळवली, तर सगळ्यांची नावं उघडी पडतील, बाबांच्या टेबलावरची फाईलही उघडेल.

ती काय करते, ते तुम्ही लिहा. फक्त पहिलं पान, तीनशे शब्द, मोबाइलवर टाइप केलं तरी चालेल. लिहून झालं की आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. त्यांनी मधेच “मग पुढे काय झालं?” असं विचारलं, तर दुसरं पान लगेच सुरू करा.

पुढच्या वेळी पाण्याखालच्या गावाची गोष्ट रचू. तोवर लिहीत राहा.